फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी हेल्पिंग व्हर्बचं वर्कबुक, चार महिने वापरून मग लिहितेय

आधीच सांगते, हे पुस्तक मी स्वतःसाठी घेतलं नव्हतं. मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते आणि गेली काही वर्षं माझ्याकडे येणारे बहुतेक जण फ्रेंच बोलणारे आहेत, त्यामुळे त्यांच्या चुका मला आता पाठ झाल्यात, कोण कुठे अडखळणार ते वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच कळतं. पण चूक कळणं वेगळं आणि समोरच्याची ती कायमची सुटेल असं समजावणं वेगळं. ग्रामरची नेहमीची पुस्तकं सगळ्या जगासाठी एकच लिहिलेली असतात, त्यात फ्रेंचवाल्याला जिथे काहीच अडत नाही तिथे दहा पानं आणि जिथे तो दर दुसऱ्या वाक्याला पडतो तिथे एक छोटी चौकट. हे वर्कबुक फक्त फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी आहे आणि फक्त ऑक्झिलरी व्हर्बवर, म्हणजे शाळेत आपण ज्यांना हेल्पिंग व्हर्ब म्हणायचो तेच, बी, हॅव्ह, डू आणि कॅन, मे, मस्ट वगैरे मंडळी. मी ते तीन जणांबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत केलं, एक नर्स, एक अकाउंट्समध्ये काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ आणि एक कॉलेजातला मुलगा. घ्यावं का? हो, घ्यावं. पण सोबतच्या ऑडिओसाठी घेणार असाल तर थांबा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

एवढ्याशा विषयावर अख्खं पुस्तक कशाला असं वाटू शकतं. पण फ्रेंच माणसाला इंग्रजी शब्दांची भीती नसतेच मुळी. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंचमधून हजारो शब्द इंग्रजीत आले, जस्टिस, गव्हर्न्मेंट, मॅरेज हे सगळे तिकडचेच. म्हणून माझे अकाउंट्सवाले गृहस्थ इंग्रजीतला लांबलचक करार आरामात वाचतात, कठीण शब्द त्यांना सोपे जातात, आणि तेच गृहस्थ फोनवर "यू हॅव्ह रिसीव्ह माय मेल?" असं विचारतात. अडतं ते बारा-पंधरा चिमुकल्या शब्दांपाशी, आणि नेमके हेच शब्द फ्रेंचमधून आलेले नाहीत, ते मूळचे इंग्रजी आहेत. पुस्तकाच्या पहिल्याच दोन पानांत हे इतकं छान मांडलंय की गृहस्थांनी ती पानं मला मोठ्याने वाचून दाखवली. इतकी वर्षं आपलं इंग्रजी कच्चं आहे असं त्यांना वाटत होतं, आता नेमकं काय कच्चं आहे ते कळलं.

पहिला भाग बी आणि हॅव्हचा. फ्रेंचमध्येही हीच जोडी आहे, एत्र म्हणजे असणे आणि अव्हुआर म्हणजे जवळ असणे, आणि भूतकाळ बनवताना बहुतेक क्रियापदं अव्हुआर घेतात पण येणं, जाणं, पोचणं, निघणं, पडणं, जन्मणं, मरणं अशी पंधरा-एक क्रियापदं आणि शिवाय स्वतःवर उलटणारी सगळी (म्हणजे उठणं, अंघोळ करणं, लग्न करणं अशी) एत्र घेतात. त्यामुळे इंग्रजीत हमखास येतं "आय अ‍ॅम अरायव्ड", "शी इज फॉलन इन द स्टेअर्स". आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही कारण मराठीतही आपण "मी आलोय", "मी आलो आहे" असंच म्हणतो, आपल्याकडेही ते काम 'आहे'च करतं. पुस्तकाची इथली पद्धत मला फार आवडली. डावीकडे फ्रेंच वाक्याचे तुकडे, झ, स्वी, आरिव्हे, उजवीकडे इंग्रजीचे तुकडे, आणि मधल्या तुकड्याला रंग. "हे चूक आहे" असं कुठेही ओरडून सांगत नाही. उलट खाली दोन ओळींत सांगतं की 400 वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही "ही इज कम" असं चालायचं, नंतर इंग्रजीने हे सगळं काम हॅव्हकडे सोपवलं आणि फ्रेंचने तसं केलं नाही. एवढं वाचल्यावर शिकणाऱ्याला आपण मूर्ख आहोत असं वाटत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे हो, मोठ्या वयात शिकणारी माणसं लाजेपोटी बोलणंच सोडतात.

"ही इज गॉन" मात्र आजही बरोबर आहे आणि कॉलेजातल्या मुलाने लगेच तिथे बोट ठेवलं, मग हे कसं चालतं म्हणून. पुस्तकात त्याचं उत्तर आहे, तो आता इथे नाही ही अवस्था सांगायची असेल तर इज, जाण्याची क्रिया झाली हे सांगायचं असेल तर हॅज. एकच परिच्छेद आहे पण पुरेसा आहे. उलट्या दिशेची गंमत म्हणजे वय, भूक, थंडी, भीती हे सगळं फ्रेंचमध्ये 'जवळ असतं', झे फँ म्हणजे माझ्याकडे भूक आहे, म्हणून "आय हॅव्ह 20 इयर्स". "आय हॅव्ह कोल्ड" म्हटलं की समोरच्याला सर्दी झालीय असं वाटतं. एकदा मी काहीतरी समजावल्यावर तो मुलगा मला म्हणाला "यू हॅव्ह रीझन", त्याला म्हणायचं होतं की तुमचं बरोबर आहे. यावर दोनच पानं दिलीत, तेवढी बास आहेत, ही चूक एकदा दिसली की सुटते.

जी सुटत नाही ती प्रेझेंट परफेक्टची. पुस्तकाची सगळ्यात जास्त पानं इथे खर्च झालीत आणि योग्यच झालीत. झे व्ह्यू आणि आय हॅव्ह सीन ही दोन्ही दिसायला जुळी भावंडं, तीच रचना, तोच क्रम, पण काम वेगळं. बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचमध्ये साधा भूतकाळ जवळपास संपलाय, तो आता कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत भेटतो, त्यामुळे काल काय केलं, मागच्या वर्षी काय केलं, आत्ता काय केलं सगळं एकाच पासे काँपोझेमध्ये, म्हणजे या झे व्ह्यूसारख्या रूपात, बसतं. मग माणूस इंग्रजीत अगदी आत्मविश्वासाने "आय हॅव्ह सीन हिम येस्टरडे" म्हणतो, आणि त्याच्या डोक्यात ते शंभर टक्के बरोबर असतं. पुस्तक इथे नियम पाठ करायला लावत नाही, वाक्यातला वेळेचा शब्द झाकायला लावतं. येस्टरडे, लास्ट वीक, इन 2015, असा संपलेला वेळ सांगणारा शब्द उघडा पडला की हॅव्ह बाहेर. वेळ सांगितलाच नाही किंवा तो अजून चालू आहे, धिस वीक, सो फार, तर हॅव्ह आत. असले साठेक प्रश्न सलग आहेत. पहिल्या वीस प्रश्नांना तिघेही चुकले, चाळिसाव्याच्या आसपास हात आपोआप चालायला लागला. मी स्वतः शिकवताना कधी सलग साठ वाक्यं दिली नव्हती, मला वाटायचं कंटाळतील. पण नाही कंटाळले, कारण प्रत्येक वाक्य एकाच माणसाच्या नोकरी बदलण्याच्या गोष्टीतलं आहे आणि पुढे काय होतं हे बघायची उत्सुकता राहते.

त्याला लागूनच दप्वीचं प्रकरण येतं. फ्रेंचमध्ये "मी इथे पाच वर्षांपासून राहतो" हे वर्तमानकाळातच म्हणतात, दप्वी लावून, म्हणून "आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स". मराठी माणसालाही हे प्रकरण अगदी घरचं वाटेल, आपणही राहतोय, राहते असा वर्तमानकाळच वापरतो आणि आपल्या इंग्रजीत "आय अ‍ॅम स्टेइंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" सर्रास ऐकू येतं. इंग्रजीला मात्र इथे हॅव्ह लागतो आणि वर फॉर की सिन्स हेही ठरवावं लागतं, फ्रेंचमध्ये दोन्हीला दप्वीच आहे. पुस्तकाने दप्वी, पाँदाँ आणि इल या हे तिन्ही एकाच तक्त्यात मांडलेत, अजून चालू असलेलं, संपलेला कालावधी, आणि इतक्या वर्षांपूर्वी, आणि प्रत्येकापुढे इंग्रजीत कुठला ऑक्झिलरी येतो किंवा येत नाही ते. हा तक्ता मी फोटो काढून ठेवलाय. व्हनीर द म्हणजे नुकतंच काही केलं, त्याला हॅव्ह जस्ट, हेही तिथेच उरकलंय. एकच तक्रार, अमेरिकन लोक "डिड यू ईट येट?" असं सहज म्हणतात हे पुस्तक कुठेच सांगत नाही, आणि माझ्या नर्सच्या वॉर्डात दोन अमेरिकन सहकारी आहेत, तिला वाटलं ते चुकीचं बोलतायत.

आता डूचं चॅप्टर, आणि इथे माझं आणि पुस्तकाचं बिनसलं. पुस्तक म्हणतं डू म्हणजे एस्क. फ्रेंचमध्ये साध्या वाक्यापुढे एस्क लावला की प्रश्न तयार, आपण मागे 'का' लावतो तसं, "तू येतोस" आणि "तू येतोस का". पहिल्या दिवशी ही युक्ती जादूसारखी चालते, डू यू लाइक, डू यू वर्क, सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात मात्र तीच अंगावर येते. एस्क कधी बदलत नाही आणि तो कुठल्याही वाक्यापुढे बसतो, म्हणून विद्यार्थी "डू यू आर रेडी?" म्हणतो, "डू यू कॅन कम?" म्हणतो, आणि भूतकाळात "डू यू वेंट?" म्हणतो. डूचं खरं काम प्रश्नाची पाटी लावणं हे नाहीच. मुख्य क्रियापदाच्या डोक्यावरचं काळाचं आणि एसचं ओझं तो स्वतःच्या डोक्यावर घेतो, म्हणून वेंटचं परत गो होतं आणि लाइक्सचं लाइक होतं. पुस्तकात हे सांगितलंय, पण चॅप्टरच्या शेवटी, तोवर एस्कची सवय पक्की झालेली असते. मी तिघांनाही ती चार पानं वगळायला लावली आणि वेगळ्या क्रमाने शिकवलं. वाक्यात आधीच कुणी ऑक्झिलरी बसलाय का बघ, असेल तर त्यालाच पुढे आण, नसेल तरच डूला बोलाव, आणि डू आला की काळ त्याच्या हातात दे. तुम्ही कुणाला हे पुस्तक देणार असाल तर एवढा बदल नक्की करा, नाहीतर "डिड यू वेंट" महिनोन्महिने ऐकावं लागेल.

त्याच चॅप्टरमधली इतिहासाची चौकट मात्र अगदी वाचण्यासारखी आहे. इंग्रजीतही पूर्वी "आय नो नॉट" म्हणायचे, क्रियापद आणि त्याच्या मागे नॉट, अगदी फ्रेंच लोक आजही क्रियापदामागे पा लावतात तसं. 16व्या शतकापासून डू पसरत गेला आणि पुढे नकाराला आणि प्रश्नाला त्याच्याशिवाय चालेनासं झालं. जुने ऑक्झिलरी मात्र तसेच राहिले, म्हणून आपण आजही कॅन नॉट, इज नॉट म्हणतो, डू नॉट कॅन म्हणत नाही. हे वाचून त्या कॉलेजातल्या मुलाने स्वतःहून निष्कर्ष काढला की म्हणजे माझं डोकं 400 वर्षं जुनं इंग्रजी बोलतंय, आणि त्यानंतर त्याच्या नकाराच्या चुका खरंच कमी झाल्या. नियमापेक्षा कारण लक्षात राहतं हे मी शिकवताना कितीतरी वेळा बघितलंय.

मोडल्सचा, म्हणजे कॅन, मे, मस्टच्या मंडळींचा, भाग हा पुस्तकाचा आत्मा आहे. फ्रेंचमधला पुव्हुआर आपल्या 'शकणे'सारखा आहे, शकतो, शकेन, शकलो, शकलो असतो, सगळी रूपं होतात. आणि इंग्रजीतलं कॅन म्हणजे रूपंच नसलेलं क्रियापद, त्याला एस लागत नाही, टू लागत नाही, भविष्यकाळ नाही, हॅव्हनंतर वापरायचं रूप नाही. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, या नऊही जणांचं असंच आहे. पण विद्यार्थी पुव्हुआरच्या भरवशावर असतो म्हणून "आय विल कॅन", "ही कॅन्स", "आय वुड लाइक टू कॅन". पुस्तक प्रत्येक मोडलचं रिकामं खण दाखवतं आणि त्या खणात कोण येऊन बसतं ते सांगतं, कॅनच्या जागी बी एबल टू, मस्टच्या जागी हॅव्ह टू, मेच्या जागी बी अलाउड टू. रिकामे खण प्रत्यक्ष पांढरे ठेवलेत, विद्यार्थ्याने स्वतः भरायचे. आणखी एक बारीक गोष्ट पकडलीय, पोहता येणं ही शिकलेली गोष्ट म्हणून फ्रेंचमध्ये तिथे साव्हुआर, म्हणजे माहीत असणे, वापरतात, त्यामुळे "आय नो स्विम". आपलं "मला पोहता येतं" तिसऱ्याच वाटेने जातं, पण इंग्रजीला तिथे साधं कॅन पुरतं.

आणि दव्हुआरचं पान! फक्त या एका पानासाठी मी पुस्तकाला अर्धे मार्क देईन. फ्रेंचमध्ये हे एकच क्रियापद, आणि त्याचा काळ बदलला की इंग्रजीत ऑक्झिलरीच बदलतो. झ द्वा म्हणजे मस्ट किंवा हॅव्ह टू, झ दव्रे म्हटलं तर विल हॅव्ह टू आणि लिहिताना शेवटी एक एस वाढवला की शुड, झोरे द्यू म्हणजे शुड हॅव्ह. सगळ्यात अवघड झे द्यू, कारण त्याचे दोन अर्थ होतात, करावं लागलं आणि बहुतेक केलं असणार. पहिल्याला हॅड टू, दुसऱ्याला मस्ट हॅव्ह. नर्स हे पान वाचून एकदम गप्प झाली. शिफ्ट बदलताना ती रोज रिपोर्ट देते आणि तिच्या लक्षात आलं की औषध "द्यावं लागलं" आणि औषध "बहुतेक दिलं असणार" ही दोन वाक्यं ती इंग्रजीत एकाच शब्दाने सांगत होती. फ्रेंच ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो, इंग्रजी ऐकणाऱ्याला मस्ट हॅव्ह ऐकू आलं की तो समजतो हिला नक्की माहीत नाही. आम्ही त्या दिवशी पुढे गेलोच नाही, पूर्ण तास तिच्या कामाची वाक्यं घेऊन याच पानावर बसलो.

मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव्ह टू यांचं पानही चांगलं आहे. होकारात दोन्ही जवळजवळ सारखे म्हणून नकारातही सारखेच असणार असं वाटतं, पण एक मनाई आणि दुसरं "गरज नाही". आपल्याकडे "करू नये" आणि "करायची गरज नाही" हे स्पष्ट वेगळं आहे, म्हणून मराठी माणसाला फरक सांगितला की लगेच पटतो. गृहस्थांनी एका क्लायंटला "यू मस्ट नॉट साइन टुडे" लिहिलं होतं, म्हणायचं होतं की आजच सही करायची घाई नाही. क्लायंट घाबरला, की करारात काय गडबड आहे.

वुडच्या धड्यात लेखकाने फ्रेंच शाळेतली एक ओळ आणलीय जी तिथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते, ले सी नेम पा ले रे, म्हणजे 'जर'ला 'रे'वाली रूपं आवडत नाहीत. ती ओळ त्यांच्याच व्याकरणासाठी आहे, जरच्या बाजूला कंडिशनल, म्हणजे इंग्रजी वुडसारखं रूप, नको म्हणून. पण इंग्रजीतही तेच लागू पडतं, इफच्या बाजूला वुड नको, "इफ आय वुड हॅव्ह टाइम" नाही, "इफ आय हॅड टाइम". तिघांच्याही चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आनंद होता. फ्रेंचवाल्यांसाठी पुस्तक म्हणजे काय तर हे, नुसत्या सूचना फ्रेंचमध्ये छापणं नव्हे. व्हेनच्या बाबतीत मात्र फ्रेंच उलटं वागते, काँच्या, म्हणजे 'जेव्हा'च्या, मागे भविष्यकाळ येतो, म्हणून "व्हेन आय विल अराइव्ह", हे पुस्तकात आहे पण तीनच उदाहरणं, अजून हवी होती.

शेवटून दुसरा भाग छोट्या उत्तरांचा आणि वाक्याच्या शेपटीला लागणाऱ्या प्रश्नांचा. माझ्या मते हा सुरुवातीला यायला हवा होता. फ्रेंचमध्ये नेस्पा, किंवा बोलताना नुसतं नों, सगळ्या वाक्यांना चालतं, जसं आपलं 'ना'. तू येतोस ना, तो गेला ना, ते डॉक्टर आहेत ना, एक 'ना' सगळ्यांना पुरतो. इंग्रजीत दर वेळी आधीचा ऑक्झिलरी शोधून उलटा करून लावायचा, डझन्ट ही, हॅव्हन्ट यू, कान्ट दे. म्हणजे ज्याला वाक्यातला ऑक्झिलरी चटकन ओळखता येतो त्यालाच हे जमतं, आणि म्हणूनच सरावासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. मुआ ओसी म्हणजे मीही आणि मुआ नों प्ल्यू म्हणजे मीही नाही, हेही तिथेच, "मी टू"ने काम भागतं पण "सो डू आय" आणि "नायदर हॅव्ह आय" म्हणताना मेंदूला ऑक्झिलरी पकडावाच लागतो. आणि एका कोपऱ्यात एक रत्न दडलंय. फ्रेंचमध्ये समोरच्याने नकारार्थी काही म्हटलं आणि ते खोडायचं असेल तर वुई, म्हणजे नेहमीचं 'हो', नाही म्हणत, सी म्हणतात. इंग्रजीत सीला शब्दच नाही, ते काम ऑक्झिलरीवर जोर देऊन होतं, "यू डोन्ट लाइक इट." "यस, आय डू!" आपण इथे 'की' वापरतो, "तुला आवडत नाही." "आवडतं की!" हे मला इतक्या वर्षांत कुणी इतक्या नेमकेपणाने सांगितलं नव्हतं. आणि ही गोष्ट पान 200 च्या पुढे चार ओळींत का ढकलली असेल, कळत नाही.

आता ऑडिओ. हा भाग लिहिताना मला वाईट वाटतंय कारण बाकी पुस्तकावर एवढी मेहनत दिसते. प्रत्येक धड्याला कोड स्कॅन करून ऐकायचं रेकॉर्डिंग आहे, आणि त्यात प्रत्येक ऑक्झिलरी सावकाश, ठळक, पूर्ण उच्चारलाय. खऱ्या इंग्रजीत असं होत नाही. वाक्याच्या मध्ये कॅन येतं ते जवळजवळ 'क्न' होऊन, हॅव्ह 'अव्ह' होतो, वुड आणि हॅड दोन्हींचा नुसता ड् उरतो. फ्रेंचमध्ये प्रत्येक स्वराला साधारण सारखी किंमत मिळते, असे स्वर गिळायची सवयच नाही, त्यामुळे फ्रेंचवाल्यांना नेमकी याचीच तालीम हवी. नर्सने एकदा कामावर "आय कॅन कम ऑन ट्यूजडे" असं सांगितलं, कॅन अगदी स्वच्छ आणि ठासून म्हणाली, पुस्तकातल्यासारखं. ऐकणाऱ्याने कान्ट ऐकलं आणि मंगळवारची शिफ्ट दुसऱ्याला दिली. कारण अमेरिकन बोलण्यात कान्टचा शेवटचा ट नीट ऐकूच येत नाही, कानाला फरक कळतो तो स्वरावरून, गिळलेला स्वर म्हणजे हो आणि पूर्ण स्वर म्हणजे नाही. ती पूर्ण स्वराने हो म्हणत होती. हे पुस्तकात एका ओळीनेही नाही.

ऐकण्याच्या बाजूनेही तेच. "आय'ड लाइक" आणि "आय लाइक" यातला ड् तिघांनाही ऐकू येत नव्हता. ही'ड गॉन आणि ही'ड गो, पहिला हॅड आणि दुसरा वुड, हे पुढच्या क्रियापदावरूनच ओळखायचं असतं, त्याची कानाची तयारी कुठेच करून घेतली नाही. ह न उच्चारण्याबद्दल मात्र मी त्यांना धीर देते, फ्रेंचमध्ये ह उच्चारतच नाहीत आणि त्याबद्दल त्यांना फार संकोच असतो, पण वाक्याच्या मध्ये हॅव्ह, हॅज, हॅड यांचा ह इंग्रजी लोक स्वतःही सोडतात, शुड'व्ह, ते बरोबरच आहे. वाक्याच्या सुरुवातीला "हॅव्ह यू" म्हणताना तेवढा ह हवा. ही एवढी दिलासा देणारी गोष्ट, एका पानात सांगता आली असती. शेवटी मी स्वतःच फोनवर रेकॉर्डिंग करून दिली, प्रत्येक धड्यातली दहा वाक्यं, एकदा सावकाश आणि एकदा रोजच्या वेगाने.

राहून गेलेल्या गोष्टींत मोठी एकच, दुसऱ्याकडून करवून घेणं. फ्रेंचमध्ये फेर लावतात, आपल्याकडे तर क्रियापदच बदलतं, दुरुस्त करून घेतली, लिहवून घेतलं. इंग्रजीत हॅव्ह येतो पण शब्दांचा क्रम फिरतो, "आय हॅड माय कार रिपेअर्ड", आणि फ्रेंचवाले "आय मेड रिपेअर माय कार" म्हणतात. हॅव्हचं इतकं मोठं चॅप्टर असून हे नाही. फ्रेंचमधल्या ऑंऐवजी, म्हणजे 'कुणीतरी' किंवा 'लोक' अशा अर्थाच्या शब्दाऐवजी, इंग्रजीत पॅसिव्ह कसा येतो हे अर्ध्या पानात आहे, चालून जाईल.

छपाई चांगली, अक्षर मोठं, लिहायला जागा भरपूर, वही उघडी ठेवली तर मिटत नाही. उत्तरं मागे आहेत आणि नुसती उत्तरं नाहीत, चुकीचं उत्तर कुठल्या फ्रेंच वाक्यामुळे आलं तेही दिलंय, त्यामुळे एकट्याने करणाऱ्यालाही चालेल. सूचना फ्रेंचमध्ये असल्यामुळे शिकवणाऱ्याला फ्रेंच थोडंफार वाचता यायला हवं, माझं बऱ्यापैकी आहे तरी दोन-तीन ठिकाणी शब्दकोश काढावा लागला. अगदी नवशिक्यांसाठी नाही, ज्यांना साधी वाक्यं जमतात पण तीच चूक वर्षानुवर्षं होते त्यांच्यासाठी आहे. जे मराठी वाचक फ्रेंच शिकतायत त्यांनीही उलट्या बाजूने वाचून बघावं, दव्हुआर मला स्वतःला पहिल्यांदा नीट समजला तो इथेच.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे दोन नवीन बहिणी येतायत, दोघीही फ्रेंचच. त्यांना पहिल्या दिवशी मी पान 200 च्या पुढचा सी आणि "यस, आय डू"चा कोपरा उघडून देणार आहे, मग छोटी उत्तरं, मग बी आणि हॅव्ह, डूची ती चार पानं पिनेने बंद करून. नर्सचं पुस्तक संपलंय, आता ती रोज रात्री मला एक व्हॉइस मेसेज पाठवते, दिवसभरात कुठे कुठे कॅन म्हणाली त्याचा, आणि मी फक्त एवढंच कळवते की मला हो ऐकू आलं की नाही.